पक्की पावती हीच खरी गॅरंटी



लागणीपासून तोडणीपर्यंत आपण बेणे, खत, मजुरी यांचा हिशेब डोक्यात ठेवतो. पण पाण्याची मोटार, तिचा स्टार्टर, ठिबकचा संच आणि ट्रॅक्टर यांच्या दुरुस्तीवर वर्षाकाठी किती पैसा जातो, याचा आकडा फारच थोड्या घरांत सापडेल. खताच्या एका पोत्यासाठी चार दुकाने फिरणारा आपला शेतकरी मोटार जळाली की मात्र हातघाईवर येतो. त्यालाही कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. मोटार चार दिवस वर्कशॉपात पडली की पाण्याची पाळी हुकते आणि हुकलेली पाळी वजनकाट्यावर दिसते. त्या घाईत मिस्त्री मागेल तो पैसा, घालेल ते सामान आणि बोलेल ती गॅरंटी आपण पदरात घेतो. महिन्याभरात तीच मोटार पुन्हा जळते, आणि मग ऐकायला मिळते, "ते काम आमचं नव्हेच!"

माझे स्पष्ट मत असे, की तोंडी गॅरंटी म्हणजे गॅरंटी नव्हेच. आपला हक्क कायद्याने दिलेला आहे. तो कागदावर आणण्याचे काम मात्र आपले आहे, आणि तेवढेच नेमके आपण करीत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे फुकट दुरुस्ती होणार, असे आपण समजतो. बाजारात तसा प्रघात आहे, पण शेवटी कार्डावर काय छापले आहे त्यालाच महत्त्व. मुदत कोणत्या तारखेपासून, कोणते भाग धरले आहेत आणि कोणते वगळले आहेत, मजुरी व वाहतूक कोणाची, एवढे दुकानातच वाचून घ्यावे. कमी-जास्त व्होल्टेज, एक फेज जाणे, मोटार कोरडी चालणे या कारणांनी झालेले नुकसान बहुतेक कार्डांत वगळलेले असते. मुदतीत एखादा भाग बदलून मिळाला, तर त्याची मुदत नव्याने सुरू होते की मूळ मुदतीतली उरलेलीच मिळते, हेही विचारावे. कार्डावर तारीख व शिक्का नसेल तर ते कार्ड नुसता पुठ्ठा आहे.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्याप्रमाणे पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही 'सेवा' आहे. तीत कसूर झाली तर तक्रार करता येते. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घेऊन बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. म्हणजे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का सदोष मालाला झाकू शकत नाही.

"आम्ही शेतकरी, आम्हाला कोण ग्राहक म्हणणार?" अशी शंका काहींना येते. राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्ध आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निकाल दिला, की बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे. बियाण्याचा नमुना तपासणीसाठी शिल्लक ठेवावा अशी शेतकऱ्याकडून अपेक्षा करता येत नाही, असेही न्यायालयाने मानले. पेरलेले बी परत दाखवता येत नाही, हे खरेच. पण जळालेले वाइंडिंग, फुटलेले बेअरिंग, तुटलेला इंपेलर दाखवता येतो. आपण तो पुरावा मिस्त्रीच्या भंगारात टाकून मोकळ्या हातांनी घरी येतो!

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी एक खुलासा. कायद्याने 'व्यापारी हेतू'ची खरेदी वगळली आहे. परंतु स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात धरलेली नाही. एक ट्रॅक्टर घेऊन स्वतः ऊस वाहतूक करणारा आणि पगारी चालक ठेवून दहा वाहने पळवणारा, यांत हा फरक पडतो.

दुरुस्तीला मोटार देताना पुढील गोष्टी पाळाव्यात, असे माझे सांगणे आहे.

१. मोटार ताब्यात देताना पोच घ्यावी. तीत कंपनी, अश्वशक्ती, मोटारीचा नंबर व तारीख असावी.

२. बिघाडाचे कारण आणि खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्यावा. अंदाजापेक्षा जास्त काम निघाले तर विचारल्याशिवाय करू नये, हेही सांगावे.

३. रिवायंडिंग असेल तर तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, वजन किती, आणि किती महिन्यांची हमी, हे बिलावरच लिहून घ्यावे.

४. बदललेले जुने भाग परत मागावेत. जळालेल्या तांब्यालाही भाव असतो आणि ते तांबे आपले असते. मिस्त्रीला ठेवायचे असेल तर त्याची किंमत मजुरीतून वजा व्हावी.

५. नवा स्पेअरपार्ट घेताना वेष्टन टाकू नये. आय.एस.आय. चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांकही पाहावा. नक्कल करणारा नुसते चिन्ह छापतो.

बांधावर हे सांगितले की उत्तर ठरलेले. "साहेब, बिल घेऊन काय लोणचं घालायचंय? बिनबिलाचं चार पैसे स्वस्त पडतं." स्वस्त पडते ते बिल वाचवल्यामुळे नव्हे, तर जबाबदारी टळल्यामुळे. दुकानदाराची जबाबदारी गेली आणि आपला हक्कही गेला. दुसरे कोणी म्हणतो, "मिस्त्री गावातलाच, वाईटपणा कशाला?" माझ्या मते वाईटपणा येतो तो तोंडी बोलण्यामुळे. कागदावर असले की वाद घालायचे कारणच उरत नाही. चांगल्या कारागिरालाही कागदाचा फायदाच आहे. त्याच्या नावावर दुसऱ्याचे वाईट काम खपत नाही.

तरीही वाद झालाच तर हातघाई करू नये. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत कारागीर वस्तू अडवून ठेवू शकतो. पाण्याची नड असेल तर पैसे द्यावेत, पण 'हरकत राखून रक्कम दिली' असे पावतीवर लिहावे. नंतर लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. पक्के बिल नसल्यास फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद उपयोगी पडते, पण पक्क्या बिलाची सर तिला नाही.

हक्काबरोबर आपली बाजूही स्वच्छ हवी. सिंगल फेज प्रिव्हेंटर काढून टाकायचा, फ्यूजमध्ये जाड तार भरायची, वीज आली की आपोआप चालू व्हावे म्हणून ऑटो स्विच बसवायचा, आणि मोटार जळाली की कंपनीला बोल लावायचा, हे बरोबर नाही. ट्रॅक्टरची ठरलेल्या तासांची सर्व्हिसिंग चुकवली तरी हमीचा दावा असाच लंगडा पडतो.

शेवटी घरचाच मुद्दा. कारखान्याकडून काही साहित्य उधारीवर मिळते आणि वसुली ऊस बिलातून होते. आपलीच संस्था म्हणून तेथे बिल व हमीपत्र मागायला सभासद संकोचतात. तसे करू नये. सहकारी संस्थाही या कायद्याबाहेर नाही. उलट सभासदाच्या हातात प्रत्येक वस्तूचे बिल व हमीपत्र देण्याचा पायंडा कारखान्यानेच पाडावा, म्हणजे बाजारालाही वळण लागेल.

यंदा उन्हाळी पाळ्या सुरू होण्यापूर्वी घरात एक फाईल करा. मोटार, स्टार्टर, ठिबक, ट्रॅक्टर यांची बिले, कार्डे आणि दुरुस्तीच्या पावत्या तीत लावा. ही फाईल सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारीच ठेवावी. तिची योग्यता त्याच जागेची आहे.

— ऊस विकास अधिकारी