सोळाव्या वर्षी गाडी कोणती?

दहावीचा निकाल लागला की पोराच्या हाती मोटारसायकल, ही आपल्या जिल्ह्यात रीतच पडली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतचीच दुचाकी चालवता येते. मोठी गाडी १८ पूर्ण झाल्यावर. शिकाऊ परवान्यावर शिकवणाऱ्याखेरीज मागे कोणाला बसवता येत नाही. डॉक्टर म्हणून मला हे नियम पटतात. पेट्रोलवरची जुनी लुना बंद झाली, म्हणून १०० सीसीची द्यावी असे थोडेच आहे? राजूर घाटाच्या वळणावर ती आवरायला नुसते धाडस पुरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला २५ हजार रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. मला दंडाहून डोक्याच्या माराची धास्ती वाटते. पडल्यावर उठून बोलणारा मुलगाही काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. कवटीत रक्त साचत असते.