पहिल्या रशरची रिकामी जागा

४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसजवळच्या कोलोंबच्या मैदानात, ऑलिंपिक हॉकीच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारत ४३ मिनिटे दहा जणांनिशी खेळला आणि ग्रेट ब्रिटनला शूटआउटमध्ये ४-२ असे हरवून पुढे गेला. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची उंचावलेली स्टिक विल कॅलननच्या तोंडावर लागली आणि लाल कार्ड निघाले. त्यात हेतू होता की नव्हता, यावर भरपूर वाद झाले. ते आपण सोडून देऊ. या अंकाचे वाचक मुलांना शिकवणारे आहेत, त्यांच्या कामाचे मुद्दे वेगळे आहेत.

त्या सामन्याचे वर्णन आपल्याकडे ‘जिद्दीचा विजय’ असे झाले. जिद्द होतीच. पण गोलरक्षक श्रीजेशपुढची भिंत नुसत्या जिद्दीने उभी राहत नाही. मनप्रीत बचावात मागे आला, फळ्या एकमेकींच्या जवळ सरकल्या आणि एक माणूस कमी असतानाच बाविसाव्या मिनिटाला हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर गोलही केला. मॉर्टनने सत्ताविसाव्या मिनिटाला बरोबरी साधली, तिथून पुढे निर्धारित वेळेत ब्रिटनला काही मिळाले नाही.

इथे एक साधा हिशेब मांडून पाहावा. ऑलिंपिकचा संघ सोळा जणांचा. त्यात भारताचा गोलरक्षक एकच. रोहिदास बाहेर गेल्यावर मैदानातल्या नऊ जागांसाठी चौदा खेळाडू उरले. खेळाडू हवे तेव्हा बदलता येतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एरवीपेक्षा जास्त विश्रांती येऊ शकत होती. फुटबॉलमध्ये दहा जणांचा संघ शेवटी पायांनी थकतो. हॉकीत पाय ताजे ठेवता येतात, ताण येतो तो डोक्यावर: कोणती जागा मोकळी सोडायची, पुढे एक जण ठेवायचा की कोणीच नाही. हे ठरवण्याचा सराव लागतो. आपल्या शालेय आणि जिल्हा संघांपैकी किती जण तो करतात? सरावसामन्याच्या शेवटच्या चौथ्या भागात न सांगता एखादा बचावपटू बाहेर बोलवावा आणि बाजूला गप्प उभे राहावे. (गप्प उभे राहणे आपल्यापैकी बहुतेकांना जड जाते, हे मान्य.) मुले काय ठरवतात ते पाहावे.

त्या कार्डाची खरी किंमत मात्र दोन दिवसांनी मोजावी लागली. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, अपील फेटाळले गेले आणि ६ ऑगस्टला जर्मनीविरुद्ध भारत पंधरा जणांनिशी उतरला. उरलेल्या चौदा जणांना आता दहा जागा भरायच्या होत्या. त्याहून मोठी अडचण अशी की रोहिदास हा पेनल्टी कॉर्नरवरचा आपला पहिला रशर. समोर होता गोन्झालो पेइयात, २०१६ मध्ये रिओला अर्जेंटिनाकडून सुवर्ण जिंकून नंतर जर्मनीकडून खेळू लागलेला ड्रॅगफ्लिकर. भारत १-० ने पुढे असताना अठराव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर त्यानेच बरोबरी केली. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता, असे कोणी म्हणू शकत नाही. पण सामना ३-२ असा एका गोलने गेला. स्पेनला २-१ ने हरवून कांस्य मिळाले आणि या हिशेबाकडे कोणी वळून पाहिले नाही.

ड्रॅगफ्लिकचा दुसरा पर्याय आता बऱ्याच संघांकडे असतो. रशरचा? तो बहुधा ‘जो घाबरत नाही तो’ अशा निकषावर निवडला जातो, आणि तो नसला की त्याच्या खालोखाल न घाबरणारा. हे शिक्षण नव्हे. चेंडू ढकलला जाताच पहिली तीन पावले, फ्लिकरच्या स्टिकच्या रेषेत धावणे, गोलरक्षकाची नजर न अडवणे, स्टिक जमिनीलगत ठेवणे हे सगळे शिकवता येते. निदान तिघांना शिकवावे, तेही आलटून पालटून, आणि सुरुवातीला मऊ चेंडूवर. मास्क, हातमोजे आणि गुडघ्याचे संरक्षक नसतील तर खऱ्या फ्लिकसमोर मुलाला पळवू नये, मग निवडचाचणी उद्यावर आलेली का असेना.

आणि चेंडू घेऊन बचावातून बाहेर पडताना पाठलाग करणारा अंगाशी आला की स्टिक खांद्याच्या वर जाता कामा नये, ही सवय चौदा वर्षांखालच्या गटातच लावावी लागते. तिथले पंच हिरवे कार्ड दाखवायला कचरतात आणि आपणही ‘लहान आहे, जाऊ द्या’ म्हणून मध्ये पडतो. दोन मिनिटे बाहेर बसून ते मूल शिकणार असेल तर त्याला बसू द्यावे.