पत्र्यातील आरंभीचे वैगुण्य

प्रेसवर पत्रा फाटू लागला म्हणजे दोष कोणाचा याची चौकशी आपल्या बहुतेक कारखान्यांत मापनाच्या आधीच सुरू होते. टूलरूम पत्र्याला बोल लावते, खरेदीखाते पोलाद कारखान्याचा दाखला पुढे करते, आणि उत्पादन चालू ठेवण्याची जोखीम ज्याच्या शिरावर असते तो डायसेटर तेल वाढवून, ब्लँकहोल्डरचा दाब उतरवून व डायची त्रिज्या घासून त्या दिवसाची नड भागवितो. ही सारी मंडळी आपापल्या कामात वाकबगार आहेत; उणीव आहे ती फाटण्याच्या क्रियेकडे पाहण्याच्या दृष्टीत, आणि म्हणूनच वॉर्सा पॉलिटेक्निकचे प्राध्यापक झ्जिस्वाव मार्चिन्याक यांच्या कार्याचा परामर्श येथे घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

रॉडनी हिल यांनी १९५२ मध्ये असे दाखविले होते की, ताणलेल्या पत्र्यात नेक, म्हणजे फाटण्यापूर्वीची अरुंद पातळ खाच, पडतो तो अशा रेषेवर, जिच्या दिशेने पत्र्याची लांबी मुळीच बदलत नाही. परंतु पत्रा दोन्ही दिशांनी ताणला जात असता अशी रेषाच अस्तित्वात नसते, आणि त्या न्यायाने मोटारीच्या पॅनेलचा फुगीर भाग नेक पडून कधी फाटूच नये. तो फाटतो, हे मात्र प्रत्येक प्रेसशॉपला ठाऊक होते. १९६७ साली मार्चिन्याक व त्यांचे सहकारी कुचिन्स्की यांनी या विसंगतीला जे उत्तर दिले ते आमच्या मते या शास्त्रातील अत्यंत प्रामाणिक उत्तरांपैकी एक होय: पत्रा एकजिनसी असतो हे गृहीतच त्यांनी सोडून दिले. पत्र्यातील एखादा पट्टा आरंभापासूनच किंचित पातळ आहे असे मानावे, ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यात एक टक्का म्हणजे अवघे ८ मायक्रॉन. ताण वाढेल तसतसे या पट्ट्याचे विरूपण सभोवतालच्या धातूच्या पुढे जाते, विरूपणानेच येणारे काठिण्य त्याला काही काळ आवरून धरते, पण अखेरीस बाहेरचा पत्रा जवळजवळ थांबतो, सारे विरूपण पट्ट्यात एकाच दिशेने एकवटते, आणि हिल यांना अभिप्रेत असलेली ती रेषा पट्ट्यातच निर्माण होते. ज्या पोलादाचा या काठिण्याचा ‘एन’ हा घातांक मोठा, ते हा क्षण अधिक लांबविते. म्हणून दाखल्यावर तो आकडा मागून घ्यावा.

कारखान्यात पत्रा या क्षणाच्या किती जवळ आला हे पडताळण्याचा मार्ग एमआयटीतून पुढे आलेल्या स्टुअर्ट कीलर यांनी १९६० नंतरच्या दशकात रूढ केला. ब्लँकवर लहान वर्तुळांची जाळी उमटवावी आणि प्रेसमधून निघाल्यावर त्यांची झालेली लंबवर्तुळे मोजावीत. २.५ मिलिमीटरच्या वर्तुळाचे अक्ष ३.२५ व २.७५ झाले, तर ०.८ मिलिमीटरचा पत्रा तेथे सुमारे ०.५६ उरतो, तरीही ड्रॉइंग-दर्जाचे चांगले पोलाद हे बहुधा सोसते. दुसऱ्या जागी लहान अक्ष २.५ वरच राहून मोठा ३.४ झाला, तर जाडी ०.५९ म्हणजे अधिकच उरते. पण मर्यादारेषा, म्हणजे पत्रा नेक पडण्यापूर्वी किती ताण सोसतो ते दाखविणारी रेषा, तेथे सर्वांत खाली असल्याने फाटण्याचा धोका तेथेच असतो. केवळ जाडी तपासून डाय पास करण्याचा शिरस्ता किती फसवा आहे, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

मार्चिन्याक केवळ समीकरणांवर थांबले नाहीत. सपाट तळाचा पंच आणि त्याच्या व नमुन्याच्या मध्ये भोक असलेला वाहक पत्रा, अशी त्यांनी योजलेली चाचणी मधल्या भागाला घर्षणापासून मुक्त ठेवते, आणि ती आज आयएसओ १२००४ या मानकात समाविष्ट आहे. आरंभीचे वैगुण्य किती मानावे यावर गणिताने काढलेली मर्यादारेषा फार अवलंबून असते. त्यामुळे पत्रा कोठे सुरक्षित व कोठे धोक्यात हे दाखविणाऱ्या संगणकावरील हिरव्या-तांबड्या चित्रामागची रेषा हाती असलेल्या कॉइलची आहे की संग्रहातील कोणत्यातरी पोलादाची, हे विचारल्यावाचून त्या चित्रावर सही करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

पुढील अंकापासून वाचकांच्या वर्तुळजाळीच्या मापनांसाठी पाने राखून ठेवीत आहोत. कॉइल क्रमांक, तेल, ब्लँकहोल्डरचा दाब व दोन्ही अक्ष कळवावेत. आणि फाटलेल्या जागेबरोबर तिच्या लगतच्या शाबूत वर्तुळांची मापेही अवश्य धाडावीत, कारण नेकमधून गेलेल्या वर्तुळाने मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.