गोडं का खारं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालच्या एका सेवा केंद्रात अर्ज भरणाऱ्यांची रांग लागली होती आणि सर्व्हर बंद पडला होता. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. केंद्रातल्या मुलानं कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडून ठेवली होती, तिच्यात केशरी, निळे मासे संथपणे हिंडत होते. हळूहळू सगळी रांग अर्ज विसरून त्या माशांकडे पाहू लागली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पुढं वाकून विचारलं, “कारे बाबू, पानी कोनतं हाय याचं? गोडं का खारं?” मुलगा म्हणाला, “खेळातला मासा हाय बाबाजी, याले पानी लागत नाई.” म्हातारबांनी मान हलवली खरी, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. माझंही झालेलं नाही.

असे खेळ आता बरेच निघाले आहेत. २०२३ साली आलेला ‘चिलक्वेरियम’ त्यांतलाच एक. पाकीट फोडून मासे मिळवायचे, टाकीत सोडायचे, ते मोठे झाले की विकायचे आणि नवे आणायचे. हरणं नाही, जिंकण्याची घाई नाही. आपण दुसरं काम करत राहावं, मासे आपले वाढत राहतात. संगणकाच्या पडद्यावर मासे पोहायला लागून तर तीसेक वर्षं उलटून गेली. विंडोज एक्सपीच्या काळातला मत्स्यालयाचा स्क्रीनसेव्हर अनेकांना आठवत असेल. काम थांबलं की मासे येत, माऊस हलवला की जात. आताच्या खेळांनी त्याच माशांना वाढ आणि किंमत दिली.

या खेळाला टाइमपास म्हणून हिणवणं मला पटत नाही. दिवसभर लोकांचे सातबारे आणि दाखले काढणाऱ्या, दर तासाला “झालं का?” ऐकणाऱ्या पोराला पडद्याच्या कोपऱ्यात एवढी शांत जागा मिळत असेल तर ती त्याच्या हक्काची आहे. शिवाय खेळाखेळांत फरक करायला आपण शिकलं पाहिजे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीनं गावोगावच्या घरांत काय केलं ते सांगायला नको. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या अशा खेळांवर बंदी आणली, ते योग्यच झालं. २००९ साली फेसबुकवर आलेल्या ‘फिशव्हिल’ची तऱ्हा आणखी वेगळी होती. तिथं वेळेवर खाऊ घातला नाही तर मासे मरत, म्हणून माणसं कामधाम सोडून पुन्हा पुन्हा पडद्याकडे धावत. हा आताचा खेळ धाक घालत नाही, उठून जाऊ देतो. खेळ चांगला की वाईट हे ओळखायची माझी खूण हीच आहे.

तरीही म्हातारबांचा प्रश्न उरतोच. घरात काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा, तो माशांबद्दल कमी आणि पाण्याबद्दल जास्त बोलेल. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो त्यांना विषासारखा. गोट्यांवर आणि गाळणीच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानानं सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच रविवारी टाकी आणून त्याच दिवशी दहा मासे सोडले तर पंधरवड्यात ते उलटे तरंगू लागतात, आणि घरातल्या मुलाला वाटतं, आपण खाऊ कमी घातला. खरं तर बहुधा जास्तच घातलेला असतो. हे सगळं पडद्यावरच्या टाकीत नाही. तिथलं पाणी म्हणजे मागं लावलेला निळा रंग.

मुंबई-पुण्याच्या मुलाला हे जाणवणारही नाही. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या माणसाला पाणी म्हटलं की पहिला प्रश्न सुचतो तो गोड की खारं हाच. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे, आणि संग्रामपूर तालुक्यातली कित्येक गावं त्यात येतात. इथं विहिरीला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्यात तुरीची डाळ शिजत नाही. पिकाला दिलं तर काळी जमीन घट्ट होऊन निचरा थांबतो. मूतखड्याशी आणि किडनीच्या दुखण्याशी या पाण्याचं नाव वर्षानुवर्षं जोडलं गेलं आहे. म्हणून तर सातपुड्यातून उतरणाऱ्या वान नदीवरच्या हनुमान सागर धरणाचं पाणी १४० गावांच्या योजनेतून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांकडे आणावं लागलं. इथल्या कुठल्याही बाईला घोट घेऊन सांगता येतं, हे नळाचं की बोअरचं.

एवढं पाणी जिभेवर असलेल्या मुलांना बिनपाण्याचे मासे का द्यायचे? असा एखादा खेळ मराठीत व्हायला हवा, आणि तो याच पाण्याचा हवा. टाकीत कुठलं पाणी घालायचं ते खेळणाऱ्यानं ठरवावं: बोअरचं, नळाचं की शेततळ्यात साठवलेलं पावसाचं. त्याप्रमाणे मासे जगावेत किंवा कोमेजावेत. कटला, रोहू असावेत. डोह आटत आला तरी वर तोंड काढून हवा घेणारी मरळ असावी. हे काही अवघड तंत्र नाही, अभियांत्रिकी शिकणारी इथलीच मुलं ते करू शकतील.

तोवर दुसरा मार्ग जवळच आहे. हिवतापाचे कर्मचारी डबक्यांत आणि हौदांत सोडायला गप्पी मासे आणतात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, भारतात १९१० साली आणला गेला. एक मासा दिवसाला शंभरेक डासांच्या अळ्या खातो. मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, तीही चार-एक आठवड्यांच्या अंतरानं. आणि थोडं जड, थोडं खारट पाणी त्याला चालतं, म्हणजे इथल्या मुलांना पाळायला यासारखा दुसरा मासा नाही. फक्त नदीत किंवा तळ्यात सोडू नये, तिथल्या मूळच्या माशांना तो त्रास देतो. शाळेच्या हौदात मूठभर गप्पी सोडावेत, शेजारी दोन बरण्या ठेवाव्यात, एकीत नळाचं पाणी आणि दुसरीत बोअरचं. नळाचं पाणी एक रात्र उघडं ठेवून मगच मासे सोडावेत, म्हणजे क्लोरीन उडून जातो. दोन्ही बरण्यांत दोन-दोन मासे, आणि महिनाभर रोजची नोंद वहीत. कुठल्या बरणीत पिल्लं आधी होतात ते मुलांनीच पाहावं, आणि रांगेतल्या त्या बाबाजींना जाऊन सांगावं.