तळटीप

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी अजून वहीपूजन होते. घरात दुकान नाही, पेढी नाही. पण मी अडतीस वर्षे हिशेबनिशी केली, ती सवय सुटत नाही. लाल बांधणीची एक वही आणतो, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढतो आणि मग वर्षभर तिच्यात दुधाचा नि इस्त्रीवाल्याचा हिशेब लिहितो. गेल्या दिवाळीत या वहीशेजारी पाटावर आणखी एक पाहुणा येऊन बसला. सूनबाईचे चार बोटे जाडीचे पुस्तक!

“बाबा, यालाही हळदकुंकू वाहा. डिसेंबरात परीक्षा आहे,” सूनबाई म्हणाली.

पुस्तक होते ‘आयएफआरएस’चे. इंटरनॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग स्टँडर्ड्स, म्हणजे देशोदेशींच्या कंपन्यांनी आपले हिशेब एकाच भाषेत मांडावेत म्हणून केलेले नियम. १९७३ साली लंडनमध्ये या कामासाठी एक समिती बसली. २००१ साली तिच्या जागी आजचे मंडळ आले. २००५ पासून युरोपीय संघातल्या शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना हे नियम पाळावे लागू लागले. आपल्याकडे ते थोड्या फेरफाराने ‘इंड-एएस’ या नावाने आले आणि १ एप्रिल २०१६ पासून प्रथम मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झाले. मी तोवर निवृत्त होऊन घरी बसलो होतो. तेव्हा आमचा आणि त्यांचा परिचय नव्हता.

“काही अडलं तर विचार हो,” मी मोठेपणाने म्हणालो. “जमा आणि नावे, या दोन शब्दांपलीकडे जगात हिशेब नाही.”

दुसऱ्याच दिवशी तिने मला विचारले. पण ते अडले म्हणून नव्हे.

“बाबा, एका कंपनीने तीन वर्षांच्या कराराने गाळा घेतला. करार मध्येच मोडता येत नाही. भाडं दर वर्षाअखेर एक लाख. पहिल्याच दिवशी ताळेबंदात काय दाखवाल?”

“काहीच नाही. ज्या वर्षाचं भाडं त्या वर्षी खर्ची टाकायचं. यात शिकायचं ते काय?”

“चुकलं!” सूनबाईने सासऱ्याला इतक्या आनंदाने चूक ठरवण्याचे प्रसंग संसारात थोडे येतात. “तीन लाख देण्याचं आजच कबूल केलंय ना? मग ते देणंच. पैसे पुढे द्यायचेत म्हणून दहा टक्क्यांनी व्याज वजा करा. आजची किंमत २,४८,६८५ रुपये. तेवढं देणं एका बाजूला, आणि गाळा वापरण्याचा हक्क ही मालमत्ता दुसऱ्या बाजूला.”

मी पेन्सिल घेऊन आकडेमोड केली. बरोबर होती.

हा नियम जगात २०१९ च्या जानेवारीत आणि आपल्याकडे त्याच वर्षीच्या एप्रिलपासून लागू झाला. तो व्हावा म्हणून ज्यांनी बराच काळ खटपट केली, ते मंडळाचे पहिले अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी थट्टेने म्हणत, की जे विमान कंपनीच्या ताळेबंदात आहे अशा विमानात मरण्यापूर्वी एकदा तरी बसायची आपली इच्छा आहे. कारण कितीतरी विमाने भाड्याची! आकाशात दिसत, प्रवाशांना दिसत. फक्त हिशेबात दिसत नसत.

“मग इतकी वर्षं हे देणं लिहीत तरी कुठे होते?” आमच्या सौभाग्यवतींनी करंज्यांच्या डब्यावरून मान वर करून विचारले.

“तळटिपेत,” सूनबाई म्हणाली.

तो शब्द ऐकला आणि माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

वाचकहो, या सदरात मी आजवर तुम्हाला घरच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. ही एक सांगितली नव्हती. २०१० साली माझ्या थोरल्या ताईचे यजमान वारले. त्यांच्या फंडाचे चार लाख रुपये हाती आले. ताईने मला विचारले, “भाऊ, कुठे ठेवू?” एका कंपनीच्या मुदत ठेवी तेव्हा बँकेपेक्षा अधिक व्याज देत होत्या. तिचे थोडे शेअर माझ्याकडे होते, त्यामुळे वार्षिक अहवाल घरी येई. मी तो उघडला, नफा पाहिला, गंगाजळी पाहिली आणि म्हणालो, “डोळे मिटून ठेव.” ताईने डोळे मिटून ठेवले. दोन वर्षांत कंपनी बसली. चार लाखांतले ताईच्या हाती आले ते जेमतेम चाळीस हजार.

ताई मला एका शब्दाने बोलली नाही. मीच आपला दर भाऊबीजेला ओवाळणीचे पाकीट जरा जड करीत आलो. आणि मनाची समजूत घालीत आलो, की लबाडीपुढे कोणाचे चालते? सत्यमच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी स्वतः कबुली दिली, की वहीत दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड मुळी नव्हतीच. तिथे भलेभले फसले. मग मी कोण?

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. तो अहवाल जपून ठेवलेला होता. या खेपेला मागच्या टिपा चष्मा पुसून वाचल्या. एकोणिसाव्या टिपेत बारीक अक्षरात एक ओळ होती: भगिनी कंपन्यांच्या कर्जांना दिलेली हमी. आकडा भांडवल आणि गंगाजळी यांच्या बेरजेच्या दीडपट. भगिनी बुडाल्या, हमी अंगावर आली, कंपनी बसली. कोणी खोटे लिहिले नव्हते. सारे छापलेले होते. अडतीस वर्षांच्या हिशेबनिसाने पान उलटले नव्हते, एवढेच!

सकाळी सूनबाईला ते पान दाखवले. तिने खोटे सांत्वन केले नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. ती म्हणाली, “आताच्या नियमांत अशी हमी नुसती टिपेत ठेवून चालत नाही. ती अंगावर येण्याचा अंदाज बांधून तेवढी रक्कम देणं म्हणून दाखवावी लागते. पण बाबा, अंदाज बांधणार कंपनीच. आणि टिपा काही संपलेल्या नाहीत, उलट वाढल्यात.”

मग मीही तिच्याबरोबर अभ्यासाला बसू लागलो. नवीन काय चालले आहे तेही कळले. पुष्कळ कंपन्या आपला एक खास नफा जाहीर करतात: अमुक खर्च वगळून, तमुक नुकसान सोडून. म्हणजे आम्ही म्हणावे, की मुलीचे लग्न आणि गच्चीची गळती वगळता यंदा आमची बचत उत्तम झाली! एप्रिल २०२४ मध्ये आलेला अठरावा नियम सांगतो, की असा नफा खुशाल सांगा. पण काय वगळले आणि नियमाच्या नफ्याशी त्याचा मेळ कसा बसतो, ते लिहून द्या. १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना तो लागू. आणि हे लिहून द्यायचे कुठे? टिपेतच!

डिसेंबरात सूनबाईची परीक्षा झाली. ती उत्तीर्ण झाली. माझी मात्र बाकी होती.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन ताईकडे गेलो. अहवाल पिशवीत होता. तिच्यापुढे ती एकोणिसावी टीप ठेवली आणि म्हटले, “ताई, कंपनीने हे लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं. न वाचताच तुला सांगितलं.”

ताईने चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तरीच मी म्हणायची, दर भाऊबीजेला हा एवढे पैसे का घालतो! अरे, ओवाळणी घालायची ती बहीण म्हणून घाल. दंड भरतोयस होय?”

आणि उठून तिने कपाटातून एक चकचकीत पुस्तिका काढली. शेजारच्या कोणी आणून दिलेली, व्याज घसघशीत. “पुतण्या म्हणतो ठेव. मी म्हटलं, भाऊला दाखवल्याशिवाय नाही.”

पहिल्या पानावर हसरे आजी-आजोबा होते. मी पुस्तिका उलटी केली आणि शेवटच्या पानापासून वाचायला बसलो. ताईने दिवा लावून दिला. चहा निवला, तरी ती मध्ये बोलली नाही.