आधी नाव, मग औषध : माशाच्या परावरील गाठ आणि निदानाची शिस्त

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा गाझियाबाद येथील मत्स्यालयाच्या दुकानात ‘माशाच्या परावर पांढरी गाठ आली आहे’ अशी तक्रार घेऊन जाणाऱ्या ग्राहकाच्या हाती अनेकदा उत्तराऐवजी बाटली पडते. निळे द्रावण, हिरवे द्रावण, नाहीतर प्रतिजैविकाची पूड. गाठ कशाची आहे हा प्रश्न विकणाराही विचारत नाही आणि घेणाराही. मासा वाचला तर श्रेय औषधाला मिळते, मेला तर दोष पाण्याला. या व्यवहारात माशाचा जीव जातो तो जातोच. पण त्याहून मोठे नुकसान होते ते विचारपद्धतीचे. निदानापूर्वी उपचार करण्याची जी सवय माणसांच्या आजारांत घातक ठरली आहे, तिचा सराव घरातल्या काचेच्या पेटीपासून सुरू होतो.

परावर दिसणाऱ्या गोष्टी वरवर सारख्या असल्या, तरी त्यांची कुळे अगदी वेगळी असतात. सर्वांत परिचित म्हणजे ‘इक’ हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. त्याचे कारण इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय परजीवी. मिठाचे कण शिंपडावेत तसे, जास्तीत जास्त सुमारे १ मिलिमीटरचे ठिपके अंगावर आणि परांवर उमटतात. हा जीव माशाच्या त्वचेखाली दडलेला असतो, तोवर पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो मासा सोडून तळाशी जातो, कवच धारण करून विभागतो आणि त्यातून शेकडो पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. औषधाला ती सापडतात तेवढ्याच काळात. २५ अंश सेल्सियसच्या आसपास हे चक्र काही दिवसांत पुरे होते. थंड पाण्यात ते आठवडेही घेते. त्यामुळे मे महिन्यात दिल्लीत पुरेसा ठरलेला उपचार जानेवारीच्या गारठ्यात, हीटर नसलेल्या टाकीत, अपुरा पडतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणून औषध थांबवले जाते, आणि रोग परत येतो.

आता याच ठिपक्यांसारखी दिसणारी दुसरी गोष्ट पाहा. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर बारीक, टणक, पांढरे उंचवटे उगवतात. कार्प कुळातील अनेक नरांमध्ये ते आढळतात. हा रोग नाही. मासा वयात आल्याची ती खूण आहे. तरीही तिला ‘इक’ समजून निरोगी माशाला रसायनात बुडवले जाते. या दोहोंत फरक करायला महागडे यंत्र लागत नाही. उंचवटे एका विशिष्ट जागी आणि दोन्ही बाजूंना सारखे असतात. रोगाचे ठिपके विस्कळीत असतात, दिवसागणिक वाढतात आणि मासा दगडावर अंग घासू लागतो. जागा, मांडणी आणि काळ यांची नोंद ठेवली, तर अर्धे निदान डोळ्यांनीच होते.

उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र सूक्ष्मदर्शक हवा. कापसासारखा पुंजका बुरशीचा असू शकतो, तसाच तो फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूचाही असू शकतो. एकावरचे औषध दुसऱ्यावर चालत नाही, आणि नुसत्या डोळ्यांना ही दोन्ही प्रकरणे फसवतात. ‘इक’चा पूर्ण वाढलेला परजीवी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच ओळख देतो : सावकाश गरगर फिरणारा गोल देह आणि त्यात घोड्याच्या नालेसारखे केंद्रक. शालेय प्रयोगशाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसते.

तिसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. परांच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी खडबडीत वाढ दिसली, तर ती ‘लिम्फोसिस्टिस’ असण्याची शक्यता असते. १८७४ मध्ये समुद्रातील फ्लाउंडर माशावर तिची नोंद झाली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड वायसेनबर्ग यांनी तिच्यामागे विषाणू असावा असे मांडले. हा विषाणू संयोजी ऊतीतील पेशीत शिरतो, पण तिला लगेच फोडत नाही. तिला फुगवत नेतो. एरवी सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी एकच पेशी जवळजवळ १ मिलिमीटरची होते. विद्यार्थ्याने उघड्या डोळ्यांनी पाहावी अशी ही प्राणीपेशी! या रोगावर औषध नाही. स्वच्छ पाणी, कमी गर्दी आणि कमी ताण मिळाला, तर बहुतेक मासे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरे होतात. गोल्डफिश आणि कोई यांच्यात तो सहसा आढळत नाही. त्यांच्या अंगावर मेणाच्या थेंबासारखी गुळगुळीत वाढ दिसली, तर ‘कार्प पॉक्स’ या वेगळ्या, हर्पिस गटातील विषाणूचा विचार करावा लागतो. दोन्ही ठिकाणी प्रतिजैविक निरुपयोगी आहे.

लिम्फोसिस्टिसचा एक धागा थेट गंगेच्या खोऱ्याशी जुळतो. पॅरॅम्बॅसिस रंगा हा पारदर्शक काचमासा फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात वर्णिला. याच माशाच्या अंगात सुईने चमकदार रंग टोचून तो जगभर ‘रंगीत काचमासा’ म्हणून विकला गेला. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या पाहणीत अशा रंगवलेल्या माशांपैकी ४० टक्क्यांहून अधिक माशांत या रोगाची लक्षणे आढळली. न रंगवलेल्या माशांत हे प्रमाण बरेच कमी होते. परावरची गाठ तिथे माणसाच्या हव्यासाची साक्ष देत होती. ती केवळ औषधाने पुसून टाकली असती, तर कारण तसेच राहिले असते.

गाठ ओळखण्याचा हट्ट धरला, तर विज्ञान कुठवर जाते याचेही उदाहरण मत्स्यालयातच आहे. प्लॅटी माशाच्या पाठीवरच्या परावर काळे ठिपके असतात. त्याचा स्वोर्डटेलशी संकर केल्यावर काही संततीत हेच ठिपके काळ्या अर्बुदात बदलतात. १९२० च्या दशकात मायरन गॉर्डन आणि कर्ट कॉसविग यांनी हे प्रयोग केले. कर्करोगाची प्रवृत्ती वारशाने येऊ शकते याचा तो सुरुवातीचा भक्कम पुरावा ठरला. त्यामागचा जनुक १९८९ मध्ये सापडला. हौशी लोक ज्या माशांचे संकर रंगासाठी करत होते, त्यांच्याच परांवर कर्करोगाच्या जनुकशास्त्राचा एक धडा लिहिलेला होता.

यावर आक्षेप येईल : पन्नास रुपयांच्या माशासाठी इतका खटाटोप कशाला? उत्तर माशाच्या किमतीत नाही. टाकीत ओतलेले प्रतिजैविक पाणी बदलताना नाल्यात जाते आणि दिल्लीचे नाले यमुनेला मिळतात. रुग्णालये आणि मोठ्या पशुपालनाच्या तुलनेत मत्स्यालयांचा वाटा लहान आहे, हे खरेच. पण एप्रिल २०१७ मध्ये दिल्लीतच जाहीर झालेल्या प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या राष्ट्रीय कृती आराखड्याने माणूस, पशू, अन्न आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार केला, तो लहान वाटेही जोडले जातात म्हणूनच. विषाणूच्या गाठीवर टाकलेला प्रतिजैविकाचा प्रत्येक डोस पूर्णपणे वाया गेलेला असतो.

देशात यंत्रणा नाही असेही नाही. जलचरांच्या रोगांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून लखनऊच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या समन्वयाने चालतो. २८ जून २०२३ रोजी नवी दिल्लीत ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲपही सुरू झाले. मात्र त्याचा रोख मुख्यतः मत्स्यशेतकऱ्यांकडे आहे, आणि तो असायलाही हवा. शहरातील हौशी मत्स्यपालक अधांतरीच राहतो : तो शेतकरी नाही, आणि माशांवर उपचार करणारा पशुवैद्य त्याला सहज सापडत नाही.

ही फट भरून काढण्याचे साधन राजधानीतच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, आणि तयार स्लाइडी पाहून कंटाळलेले विद्यार्थीही आहेत. महिन्यातून एक दुपार या प्रयोगशाळांनी परिसरातील मत्स्यपालकांसाठी उघडावी. प्रशिक्षित शिक्षकाच्या देखरेखीखाली माशाच्या त्वचेवरील श्लेष्माचा नमुना पाहिला जावा, छायाचित्र काढले जावे, तापमान आणि पाण्याची नोंद व्हावी. विद्यार्थ्याला जिवंत परजीवी दिसेल, पालकाला उत्तर मिळेल, आणि काही वर्षांत राजधानी परिसरातील शोभिवंत माशांच्या रोगांचा नोंदसंग्रह उभा राहील. खर्च नगण्य आहे; लागेल ती केवळ इच्छा.

तोवर प्रत्येक मत्स्यपालकाच्या हाती निदान एवढे तरी आहे : नव्या माशाला काही आठवडे वेगळे ठेवणे, गाठ दिसताच रोज एकाच कोनातून छायाचित्र घेणे, पाण्याची चाचणी करणे, हाताला जखम असेल तर टाकीत हात न घालणे, आणि नाव कळेपर्यंत बाटलीचे झाकण बंद ठेवणे.