डेंगीचा डास दिवसा जेवतो

तापाचे चार रुग्ण निघाले की गावात एकच मागणी होते, 'धूर मारा'. संध्याकाळी नगरपालिकेची गाडी येते, गल्ली पांढऱ्या धुराने भरते, पोरे तिच्यामागे धावतात आणि घरोघरी दारे-खिडक्या लावून घेतात. डेंगीचा डास तेव्हा बहुधा त्या बंद दाराच्या आतच असतो, खुंटीवरच्या कपड्यांत, पलंगाखाली नाहीतर कपाटामागे. साथ भडकली असता धुराचा थोडाफार उपयोग होतो, नाही असे नाही. पण त्याने उडते डास मरतात, अंडी आणि अळ्या तशाच राहतात. या धुरापेक्षा डासाच्या जेवणाच्या सवयी लोकांना समजावून सांगणे मला अधिक निकडीचे वाटते.

चावते ती फक्त मादी. पोटासाठी नर-मादी दोघेही वनस्पतींचा गोड रस पितात. मादीला रक्त लागते ते अंडी पोसण्यासाठी. सर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ज्या डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले, तो अॅनॉफिलिस. तो रात्री चावतो. आपल्या खेड्यांत हिवताप पसरवणारी त्याची एक प्रमुख जात तर माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक पसंत करते. हत्तीरोगाचा क्युलेक्सही रात्रीचाच, आणि तो गटाराच्या घाण पाण्यात वाढतो. त्यामुळे डास म्हटला की गटार आणि रात्र, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे.

डेंगीची एडिस मादी यात बसत नाही. पायांवर पांढरे पट्टे असलेली ही मादी दिवसा चावते, त्यातही सकाळी आणि सूर्य मावळण्यापूर्वीच्या दोनेक तासांत अधिक. तिला रक्त माणसाचेच आवडते. शिवाय ती एका बैठकीत पोटभर पीत नाही. आपला पाय जरा हलला की उडते, दुसऱ्याला चावते, मग तिसऱ्याकडे वळते. रुग्णाचे रक्त प्याल्यावर विषाणू तिच्या लाळेत उतरायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतर मरेपर्यंत ती रोग देत राहते. एकच डास घरातल्या तिघाचौघांना आजारी पाडू शकतो तो असा. 'एकाचा ताप दुसऱ्याला लागला' असे लोक म्हणतात. तो शेजारी बसल्याने लागत नाही, मध्ये डास लागतो.

म्हणूनच रुग्णाला मच्छरदाणी दिवसा हवी. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून तापाच्या साधारण पाचव्या दिवसापर्यंत त्याच्या रक्तातून विषाणू डासात जाऊ शकतो. दवाखान्यात मी हे सांगतो तेव्हा नातेवाईक चमकून पाहतात. 'डॉक्टर, दिवसा कशाला?' आणि घरी गेल्यावर रुग्णाची खाट ओसरीवर, उघड्यावर पडते. विचारपूस करणारी दहा माणसे भोवती बसतात. एडिसला याहून सोयीची पंगत कोणती मिळणार?

हा प्रश्न एका डेंगीपुरता नाही. २००६ साली मराठवाड्यात घरेच्या घरे सांधे धरून बसली, तो चिकुनगुन्या याच डासाचा. जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर गावी महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण आढळला, तो आजारही हाच डास पसरवतो. झिका गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला अपाय करतो, हे विसरू नये.

एडिस वाढतो तो आपल्याच रांजणात, हौदात, टायरात, कूलरमध्ये. नळ चार दिवसांनी येत असेल तर बाई पाणी साठवणारच. तिला दोष देणाऱ्यांनी आधी पाणीपुरवठा सुधारावा. तोवर साठवण घट्ट झाकावी आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासाव्यात. नुसते ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही काही महिने तग धरतात.

शाळेतली मुले तर नेमकी याच्या जेवणाच्या वेळी बाकांवर बसलेली असतात, अर्ध्या चड्डीत. शाळेची टाकी उघडी आहे का, गच्चीवर पाणी साचते का, हे पालकांनी या आठवड्यात जाऊन पाहावे आणि मुख्याध्यापकांना सांगून झाकण बसवून घ्यावे.